डावीकडची कोशिंबीर

"सदू, कोशिंबीर कुठंय?" आबांनी विचारलं.

"वाढली आहे, आबा," सदू म्हणाला.

"कुठं वाढलीय?"

"ताटात. डाव्या बाजूला."

आबांनी ताटाकडे पाहिलं. मग मान वर करून सदूकडे पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "नाही," ते म्हणाले. "ताटात कोशिंबीर नाही."

कृत्तिकाने मान लांब करून पाहिलं. कोशिंबीर होती. काकडीची, वर दाण्याचं कूट भुरभुरलेली, छोट्या वाटीत. शेजारी चटणी होती आणि लिंबाची फोडही होती. आबा चेष्टा करताहेत असं तिला वाटलं. अकरा वर्षांच्या नातीची अशी चेष्टा करण्यात आबांचा हातखंडा होता. पण आबा हसत नव्हते.

"आबा, ही काय इथे," असं म्हणत तिने ती वाटी उचलून त्यांच्या समोर धरली.

"आत्ता आणलीस तू," आबा म्हणाले. "त्याची बाजू घेऊ नकोस. यंत्र चुकलं तर मला चालतं. चूक दुरुस्त करता येते. पण खोटं बोललेलं चालत नाही. तीन आठवडे झाले, रोज हेच चाललंय. शनिवारी नवा स्मृतिफलक येतोय. सदूचा जुना फलक काढून टाकणार आहे मी."

स्मृतिफलक म्हणजे यंत्र जे जे शिकतं ते सगळं जिच्यावर साठवून ठेवतं ती बोटभर रुंदीची पट्टी. ती काढली की हातपाय तेच राहणार, आवाजही तोच राहणार, पण सदू काही सदू राहणार नव्हता. कृत्तिकाची वेणी घालायला तो तिच्याकडूनच शिकला होता आणि तिने शिकवलेल्या कोड्यांची उत्तरं दर वेळी मुद्दाम चुकवायचा. यातलं काहीच उरणार नव्हतं. त्या दिवशी बुधवार होता. कृत्तिकाने हातातला घास ताटात परत ठेवला.

आता आबांविषयी थोडं सांगायला हवं. हेमंत डुबल, म्हणजे कऱ्हाडचे डुबल सर, जन्मभर यंत्रमानवांचे हात बनवत आले होते. त्यांनी बनवलेले हात इस्पितळांत रुग्णांना उठायला मदत करत होते आणि शेतांत टोमॅटो तोडत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी नदीजवळच्या घरात एकट्याने बसून स्वतःसाठी सदू बनवला. सदूला सगळा स्वयंपाक यायचा. पण आबांचा खरा अभिमान होता तो त्याच्या वाढण्याचा. लहानपणी गावच्या लग्नांत आबा पंगतीत वाढपी असायचे. ताट कसं वाढायचं, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी त्यांना कानाला धरून शिकवलं होतं. मीठ वर मधोमध. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. समोर भाकरी. पदार्थाची जागा चुकली की वाढपी कच्चा समजला जायचा. हा नियम आबांनी सदूमध्ये इतका पक्का बसवला होता की भूकंप झाला असता तरी सदूने चटणी उजवीकडे वाढली नसती.

मग असा सदू खोटं कशाला बोलेल? आणि आबा तरी का बोलतील? कृत्तिका त्या दुपारी अंगणातल्या पायरीवर बसून याचाच विचार करत राहिली. ती सुट्टीसाठी पुण्याहून मंगळवारी आली होती. आल्या आल्या तिने आबांच्या खुर्चीशी जाऊन हाक मारली होती, एकदा, दोनदा, आणि आबांनी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. तिला फार वाईट वाटलं होतं. मग ती पाणी प्यायला म्हणून खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला गेली तर आबा केवढ्याने हसले. "अगं, कधी आलीस तू?"

पहिली हाक तिने कुठल्या बाजूने मारली होती? कृत्तिकाने डोळे मिटून आठवलं. डाव्या बाजूने.

ती उठली. पुढचा दीड दिवस तिने आबांवर अशी पाळत ठेवली की एखाद्या मांजरालाही लाज वाटावी. जे दिसलं ते तिला आधी हसवणारं होतं आणि नंतर घाबरवणारं. आबांच्या उजव्या गालाची गुळगुळीत दाढी केलेली होती. डाव्या गालावर तीन आठवड्यांचे पांढरे केस वाढलेले. व्हिडिओ कॉलवर आबांचा नेहमी अर्धाच चेहरा दिसायचा, त्यामुळे हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. "हे यंत्रं बनवतात आणि यांना फोन सरळ धरता येत नाही," असं आई म्हणायची. आबा फिरायला निघाले ते उजव्याच पायात चप्पल घालून. डावी चप्पल तिथेच होती. त्यांच्या डाव्या दंडावर निळे-काळे डाग होते आणि दार ओलांडताना तो दंड पुन्हा चौकटीवर आपटला. "सदूनं या खोलीत काहीतरी सरकवलंय," आबा पुटपुटले. वर्तमानपत्रात मथळा होता, 'जुना कोयना पूल वाहतुकीसाठी बंद'. आबांनी मोठ्याने वाचलं, "वाहतुकीसाठी बंद. अरे पण काय बंद? आजकाल लिहिताही येत नाही कुणाला."

आणि ताटात भाकरीचा उजवा अर्धा भाग खाऊन आबा म्हणाले, "एवढीशीच भाकरी केलीस होय रे?" उरलेली अर्धी भाकरी ताटातच होती.

'डावा डोळा अधू झाला असेल,' कृत्तिकाला वाटलं. तिने स्वतःचा डावा डोळा हाताने झाकला आणि ताटाकडे पाहिलं. कोशिंबीर तिला स्पष्ट दिसली. एका डोळ्यालाही दोन्ही बाजू दिसतात की. म्हणजे डोळ्याचं काम नव्हतं.

मग तिने सदूला बसवलं आणि त्याच्या डाव्या कॅमेऱ्यावर स्वयंपाकघरातला जाड रुमाल बांधला. सदूला दोन कॅमेरे होते, एक उजवीकडचं बघायला आणि एक डावीकडचं. "आता चटणी शोध," ती म्हणाली.

सदूने मान गर्रकन डावीकडे फिरवली, उजव्या कॅमेऱ्याने पाहिलं आणि चटणीची वाटी उचलली.

"तू मान का फिरवलीस?"

"डावीकडे मला काही दिसत नव्हतं," सदू म्हणाला. "पण डावीकडे काहीतरी असणार हे मला माहीत आहे. म्हणून वळून पाहिलं."

कृत्तिका त्याच्याकडे बघतच राहिली. आबा वळून का बघत नव्हते? ज्याला दिसत नाही तो शोधतो. चाचपडतो. आबा शोधतच नव्हते. जणू त्यांच्या दृष्टीने तिकडे शोधण्यासारखं काही नव्हतंच.

"सदू, हे कधीपासून चाललंय?"

"तेवीस दिवसांपासून. त्या दिवशी सकाळी आबा चालताना हेलपाटले. बोलणं थोडं जड झालं होतं. मी म्हणालो, डॉक्टरांना फोन करतो. आबा म्हणाले, पित्त झालंय, काही करायचं नाही. मी त्यांची आज्ञा पाळली." सदूने कॅमेऱ्यावरचा रुमाल सोडला. "ती पाळायला नको होती का?"

शुक्रवारी सकाळी तिने डॉक्टर नीलोफर मुजावर यांना फोन लावला. त्या मेंदूच्या आजारांवर उपचार करायच्या आणि त्यांच्या इस्पितळातले यंत्रहात आबांनीच बनवलेले होते. फोन करताना तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं. तिने पाहिलेलं सगळं सांगितलं, दाढीपासून भाकरीपर्यंत, शिवाय सदूच्या रुमालाचं आणि त्याने सांगितलेलंही. मग डॉक्टर म्हणाल्या, "बाळ, मी आजच येते. तोवर त्यांना एकटं बाहेर जाऊ देऊ नकोस."

संध्याकाळी डॉक्टर आल्या. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, गप्पांच्या ओघात रक्तदाबही मोजून झाला. मग त्या सहज म्हणाल्या, "डुबल सर, तुमच्या जुन्या आळीत मी कधी गेलेच नाही. समजा, तुम्ही मंडईच्या कमानीखाली उभे आहात आणि तोंड नदीकडे आहे. काय काय दिसतं तिथून?"

आबांना आपल्या आळीविषयी बोलायला कुणी सांगावंच लागायचं नाही. "पहिलं घड्याळवाल्या पोरेंचं दुकान," ते सांगू लागले. "मग पिठाची गिरणी. मग चप्पल शिवणारे रामभाऊ, त्यांच्यापुढं भांड्यांचं दुकान आणि मग घाट."

"आणि आता समजा तुम्ही घाटावर आहात. नदीकडे पाठ, तोंड मंडईकडे. आता?"

"आता तालीम. मग शिंप्याचं दुकान, माझी शाळेची खाकी चड्डी तिथंच शिवलेली. मग वाचनालय, आणि कोपऱ्यावर जिलेबीवाला."

कृत्तिका त्या आळीत कितीदा तरी गेली होती. तिने बोटांवर मोजून पाहिलं. कमानीतून बघताना आबांना आळीची फक्त उजवी रांग आठवली होती. घाटावरून बघताना पुन्हा फक्त उजवी रांग, म्हणजे मघाशी राहून गेलेली. तालीम आणि वाचनालय आबा विसरले नव्हते. मनातल्या मनात ते ज्या बाजूला तोंड करून उभे राहिले, तिथली डावी बाजू त्यांच्यासाठी नाहीशी झाली होती.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला आणि स्पष्टच सांगितलं. "सर, तीन आठवड्यांपूर्वी तुम्हाला मेंदूचा झटका येऊन गेला असावा. उद्या सकाळी इस्पितळात या. तपासणी करायला हवी."

"मला काही झालेलं नाही," आबा शांतपणे म्हणाले. "हात चालतोय, पाय चालतोय, डोकं चालतंय. आणि उद्या सकाळी मला सदूचं काम आहे."

कितीही सांगितलं तरी आबा हटले नाहीत. डॉक्टरांनी कृत्तिकाच्या आईला फोन केला. आई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचणार होती. कृत्तिका डॉक्टरांना सोडायला फाटकापर्यंत गेली आणि तिथे तिला रडू फुटलं.

"आबा इतका हट्ट का करताहेत?"

"ते हट्ट करत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या आणि फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसल्या. "बस इथे. मेंदूला सतत रक्त लागतं. रक्ताच्या एखाद्या नळीत गुठळी अडकली की तिच्या पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो भाग दुखावतो. यालाच मेंदूचा झटका म्हणतात. अचानक चाल बिघडली, बोलणं जड झालं, तोंड वाकडं झालं, की तासाभराचाही उशीर न करता इस्पितळ गाठायचं असतं. आबांचे तीन आठवडे गेले. आता तुझ्या आबांचा कुठला भाग दुखावलाय ते सांगते. इथला."

त्यांनी तिच्या उजव्या कानाच्या वर, थोडं मागे बोट ठेवलं.

"याला पार्श्विक खंड म्हणतात (आपल्या भोवती कुठे काय आहे याचं भान ठेवणारा मेंदूचा भाग). असे दोन खंड असतात, उजवा आणि डावा. समज, एका सोसायटीत दोन वॉचमन आहेत. डावा वॉचमन फक्त उजव्या फाटकावर लक्ष ठेवतो. उजवा वॉचमन जरा जास्त कामसू आहे. तो दोन्ही फाटकांवर लक्ष ठेवतो. आता डावा वॉचमन आजारी पडला तर?"

"उजवा दोन्हीकडे बघेल."

"आणि उजवा आजारी पडला तर?"

कृत्तिकाने विचार केला. "उजव्या फाटकावर डावा वॉचमन आहेच. पण डाव्या फाटकावर कुणीच नाही."

"तेच झालंय. डोळे पाहताहेत, पण डावीकडून आलेल्या बातमीकडे लक्ष द्यायला आत कुणी नाही. आम्ही याला एकपार्श्व दुर्लक्ष म्हणतो (एका बाजूच्या जगाकडे लक्षच न जाणं). हे नाव मला आवडत नाही. दुर्लक्ष माणूस मुद्दाम करतो. तुझे आबा काहीच मुद्दाम करत नाहीत."

"पण त्यांना कळत कसं नाही? अर्धं जग दिसत नाही म्हणजे तिकडे काळोख दिसत असेल ना?"

"तुझ्या डोक्याच्या मागे आत्ता काय दिसतंय तुला? काळोख?"

कृत्तिका गोंधळली. "नाही. मागचं दिसतच नाही."

"आणि काहीतरी कमी आहे असं वाटतंय?"

"नाही."

"तसंच. सदूच्या कॅमेऱ्यावर तू रुमाल बांधलास तेव्हा त्याच्या आत घराचा नकाशा शाबूत होता. म्हणून त्याने वळून पाहिलं. आबांचा नकाशाच डावीकडून पुसट झालाय. नकाशात जी बाजू नाही तिथे कोण कशाला वळून बघेल? मेंदूच्या आजारांत हीच मोठी अडचण असते, कृत्तिका. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं आणि लोक बसायला जागा देतात. मेंदू दुखावला तर बाहेरून काहीच दिसत नाही. माझ्याकडे एक बाई येतात, त्यांना किल्ली ओळखू येते, ती कुलपात फिरवता येते, पण 'किल्ली' हा शब्द सापडत नाही. रिक्षावाले त्यांना हसतात. एक शिक्षक आहेत, त्यांना चेहरे ओळखता येत नाहीत. बायको बोलली की आवाजावरून ओळखतात. शेजारी म्हणतात, मास्तरला गर्व झालाय. कुणाला हट्टी म्हणतात, कुणाला वेंधळं. बिचारी माणसं आतून जिवाचा आटापिटा करत असतात."

कृत्तिकाने डोळे पुसले. "आबांना मी कसं सांगू? मी वाटी दाखवली तर म्हणाले, आत्ता आणलीस."

"सांगून नाही पटणार. चूक पकडायचं काम मेंदूच्या ज्या भागाने करायचं तोच भाग दुखावलाय." डॉक्टर उठल्या. "त्यांचं त्यांनाच सापडलं तर कदाचित पटेल. ते शास्त्रज्ञ आहेत."

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास ड्रोनने अंगणात खोकं ठेवलं. नवा स्मृतिफलक आला होता. आबांनी चष्मा लावला, हत्यारांची पेटी उघडली आणि सदूला भिंतीशी उभं केलं. सदू उभा राहिला. आज्ञा मोडायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

कृत्तिका एक शब्दही न बोलता राहिली तर सदू जाणार होता. आणि बोलली तर आबांना कळणार होतं की बिघाड यंत्रात नाही, त्यांच्यात आहे. जन्मभर इतरांच्या चुका शोधणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं? तिला आबांची भीती वाटत नव्हती. आबांना काय वाटेल याची भीती वाटत होती.

"आबा," ती म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना, मोडीत काढण्याआधी यंत्राची शेवटची तपासणी करायची?"

आबा थांबले. "म्हणतो."

"मग करू या. नियमाप्रमाणे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

आबांच्या डोळ्यांत किंचित कौतुक चमकलं. सदूने नेहमीसारखं ताट वाढून टेबलावर ठेवलं. मग कृत्तिकाने आबांनाच सदूचं बटण बंद करायला सांगितलं. सदू भिंतीशी निश्चल उभा राहिला. आता तो ना बोलू शकत होता, ना हात हलवू शकत होता. कृत्तिका आबांच्या उजवीकडे बसली, दोन्ही हात त्यांना दिसतील असे मांडीवर ठेवून.

"ताटात काय काय आहे ते सांगा."

"मीठ. वांग्याची भाजी. आमटी. भाकरी. एवढंच. बघ, कोशिंबीर नाही, चटणी नाही."

"आता एकच गोष्ट बदलायची. ताट अर्धं फिरवायचं. मी हात लावणार नाही. तुम्हीच फिरवा."

आबांनी ताटाची कड उजव्या हाताने धरली आणि ताट हळूहळू फिरवलं. जी बाजू डावीकडे होती ती उजवीकडे आली.

आबा ताटाकडे बघत राहिले.

"कोशिंबीर," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "चटणी. लिंबू." त्यांनी बोटाने वाटीची कड चाचपली, खरी आहे का ते बघायला. "आणि भाजी? भाजी कुठं गेली?"

आबांनी पुन्हा ताट फिरवलं. भाजी परत आली, कोशिंबीर गेली. पुन्हा फिरवलं. त्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या सदूकडे पाहिलं, कृत्तिकाच्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं आणि आणखी एकदा फिरवलं. एकूण सात वेळा. दर वेळी तेच. आमटी सांडली होती तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

शेवटी आबांनी ताटावरचा हात काढला.

"ताट तेच आहे," ते म्हणाले. "सदू बंद आहे. तू हलली नाहीस. बदलली ती फक्त बाजू. म्हणजे बिघाड बघणाऱ्यात आहे."

कृत्तिका उठली आणि खुर्चीच्या पलीकडे जाऊन तिने आबांचा डावा हात धरला. आबांनी चमकून मान वळवली, थोडी, मग अजून थोडी, आणि ती त्यांना दिसली. अर्ध्या दाढीच्या त्या चेहऱ्यावर इतकी भीती तिने कधी पाहिली नव्हती.

"मी त्याला खोटारडा म्हणालो, कृत्तिका."

"खोटं तुम्हीही बोलत नव्हतात, आबा. तुम्हाला जे दिसत होतं तेच तुम्ही सांगत होतात."

"तेच तर वाईट आहे गं. मला दिसतंय ते सगळं आहे की अर्धं, हे मला कळणार कसं? माझ्या डोक्यावर मी भरवसा कसा ठेवू?"

कृत्तिकाला एकदम खूप मोठं झाल्यासारखं वाटलं आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. "थोडा आमच्यावर ठेवा," ती म्हणाली.

आई आली तेव्हा आबा कपडे करून पायरीवर बसले होते. सदऱ्याची डावी बाही कृत्तिकाने चढवून दिली होती. ते मुकाट्याने इस्पितळात गेले. तपासणीच्या चित्रात उजव्या पार्श्विक खंडावर बोराएवढा डाग दिसला. पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून औषधं सुरू झाली आणि मेंदूची शिकवणी सुरू झाली. हो, शिकवणीच. "दुखावलेल्या पेशी परत येत नाहीत," डॉक्टरांनी कृत्तिकाला सांगितलं. "पण शेजारच्या पेशी नवीन जोडण्या करू शकतात. रस्ता खचला तर लोक शेताच्या बांधावरून पायवाट पाडतात ना, तसं. फक्त पायवाटेवरून रोज चालावं लागतं."

चालायला सदू आणि कृत्तिका होतेच. ताटाच्या डाव्या कडेला त्यांनी लाल चिकटपट्टी लावली. नियम असा, की लाल रंग दिसेपर्यंत मान वळवायची आणि मगच पहिला घास घ्यायचा. वर्तमानपत्राच्या डाव्या समासालाही लाल रेघ. रोज वीस मिनिटं आबा लोलकाचा चष्मा लावायचे (लोलक म्हणजे प्रकाशाची वाट वळवणारी काच). त्यातून सगळं जग थोडं उजवीकडे सरकलेलं दिसायचं. समोरच्या खुणेला बोट लावायला गेलं की बोट चुकून उजवीकडे जायचं. चूक भरून काढायला हात हळूहळू डावीकडे न्यायची सवय करावी लागायची. चष्मा काढला तरी ती सवय काही वेळ टिकायची आणि लक्षही तिच्यामागून डावीकडे जायचं. सगळ्यांनाच याचा सारखा गुण येत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आबांना थोडा थोडा येत होता.

सोपं मात्र काही नव्हतं. दारांच्या चौकटी अजून आबांच्या दंडाला लागत होत्या. कधी आबा चिडून चष्मा टेबलावर आपटायचे, कधी नुसतेच गप्प बसायचे. एकदा कृत्तिका न राहवून म्हणाली, "सदूला सगळं उजवीकडेच वाढायला सांगू या ना." आबांनी मान हलवली. "नको. मग डावीकडे बघायचं मला कारणच उरायचं नाही." आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही गाल गुळगुळीत करून ते बाहेर आले. हनुवटीच्या डाव्या टोकाशी एक झुपका राहिला होता. तो कृत्तिकाने दाखवला, तेव्हा ते आरशाकडे परत गेले.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी आबांनी हत्यारांची पेटी उघडली तेव्हा कृत्तिका धावत सदूपाशी जाऊन उभी राहिली. पण आबांनी जुन्या फलकाला हातही लावला नाही. सदूला समोर बसवून ते त्याच्या आज्ञांच्या यादीतली एक ओळ बदलू लागले. 'आबा म्हणतील ते प्रमाण' अशी ती ओळ होती. त्यांनीच लिहिलेली.

"हे बघ सदू," आबा म्हणाले, "उद्या कृत्तिका जाईल. मग घरात तू आणि मी. मला डावीकडचं काही दिसलं नाही तर तू सांगायचं. पुन्हा माझी चाल बिघडली, बोलणं अडखळलं, तर मी पित्त म्हणो की आणखी काही, फोन करायचा. तू सांगशील ते मला पटणार नाही. मी ओरडेन तुझ्यावर. तरी सांगायचं."

"समजलं, आबा," सदू म्हणाला. "तुम्ही किती वेळा ओरडलात की मी थांबायचं?"

आबांनी चष्मा काढून पुसला. खरं तर तो स्वच्छच होता.

"थांबायचं नाही," ते म्हणाले.